डाव्या पिळाची बाई

ऐंशीच्या दशकातली माझी बरीचशी वर्षं अमेरिकेतल्या एका विद्यापीठाच्या तळघरात गेली. पुण्यात पुरातत्त्व शिकून मी पीएचडीला आले होते. विषय जपानमधली जोमोन संस्कृती. हजारो वर्षांपूर्वी शिकार आणि मासेमारीवर जगणारी ही माणसं ओल्या मातीच्या भांड्यावर दोरी दाबून नक्षी उठवायची. त्या दोरीचा पीळ डावा होता की उजवा, हे ठशावरून कळतं. खापर उचलायचं, भिंगाखाली धरायचं, पीळ लिहून ठेवायचा, हे माझं काम.

ती खापरं दुसऱ्या महायुद्धानंतर कुणा अमेरिकन अधिकाऱ्याने आणलेली होती. दोन गावांची: एक समुद्रकाठचं, एक डोंगरातलं. कुठलं खापर कुठल्या गावचं याची खापरांवर कसलीच खूण नव्हती, फक्त खोक्यांवर चिठ्ठ्या होत्या.

तळघराला खिडकी नव्हती. कित्येक दिवस कुणाशी बोलणंच व्हायचं नाही. शहरात सात-आठ मराठी कुटुंबं होती. महिन्यातून एकदा एका काकूंकडे सगळे जेवायला जमत. बहुतेक इंजिनियर नाहीतर डॉक्टर. जपानचं शिकायचं तर अमेरिकेत कशाला आलीस, असं प्रत्येक नवा माणूस विचारायचा, आणि माझं उत्तर संपायच्या आत बोलणं ग्रीन कार्डाकडे वळलेलं असायचं. त्यांचं काही चुकत नव्हतं. त्यांच्या कामातलं मला तरी कुठे कळत होतं?

तिसऱ्या वर्षी मला ती बाई सापडली. समुद्रकाठच्या खापरांवर डावा पीळ होता, डोंगरातल्यांवर उजवा. पण डोंगराच्या खोक्यांत मूठभर खापरं डाव्या पिळाची निघाली. मी विचार केला, ही भांडी घडवणारी बाई समुद्रकाठची, लग्न होऊन डोंगरात आली असणार. घर नवं, माणसं नवी, पण दोरी वळायला बसली की हात माहेरचेच. मला मार्गदर्शन करणाऱ्या प्रोफेसरांना ही कल्पना फार आवडली. माझा सगळा प्रबंध तिच्यावर उभा राहिला.

मी तळघरात तिच्याशी मराठीत बोलायला लागले. मोठ्याने. आज बाहेर बर्फ आहे, मला घरचं पत्र आलं नाही, असं काहीबाही. आपण बोलतोय याचं सुरुवातीला हसू यायचं, मग येईनासं झालं.

एका फेब्रुवारीतल्या दुपारी फोटो काढायला दोन्ही गावांची खोकी एकाच टेबलावर उघडली. तसं मी कधी करत नसे. डाव्या पिळाचं एक खापर डोंगराच्या खोक्यातलं, एक समुद्राच्या खोक्यातलं. दोन्हींच्या मातीत तीच पांढरी कच. सहज एकमेकांना लावून पाहिली तर ती बसली. सांध्यावरून बोट फिरवलं, कुठे अडलं नाही. संध्याकाळपर्यंत आणखी सहा जोड्या जुळल्या. एकच मडकं दोन गावांत फुटत नाही. खोक्यांची कधीतरी सरमिसळ झाली होती, आणि डोंगरात लग्न होऊन गेलेली बाई कधी नव्हतीच.

मी खापरं जिथली तिथे ठेवली आणि चार दिवस तळघरात गेले नाही. ती खोकी पुढे कित्येक वर्षं कुणी उघडणार नव्हतं, हे मला माहीत होतं.

त्या रविवारी काकूंना स्वयंपाकघरात गाठून तिथेच जेवता जेवता सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे पहिल्यापासून परत?"

"हो."

"मग नको सांगूस कुणाला," त्या म्हणाल्या आणि माझ्या पानात आणखी आमटी वाढली. मायेनेच म्हणाल्या. पण मी पान अर्धवट ठेवून उठले.

सोमवारी प्रोफेसरांच्या टेबलावर ती दोन खापरं ठेवली. ते पासष्टीला आलेले. त्यांनी ती जुळवली, वेगळी केली, परत जुळवली.

"मी विद्यार्थी असताना तळघरात पाणी शिरलं होतं," ते म्हणाले. "चिठ्ठ्या पाण्यावर तरंगत होत्या. खोकी मीच पुन्हा भरली."

तेव्हा तुमची खात्री होती का, असं मी विचारलं.

"नव्हती. पण कुणी विचारलं नाही."

त्याच आठवड्यात त्यांनी विद्यापीठाच्या संग्रहालयाला पत्र लिहून चूक आपली असल्याचं कळवलं आणि एक प्रत मला दिली. त्यानंतर आमचं बोलणं कमीच झालं. मला त्यांचा राग नव्हता, पण समोर बसलं की दोघांनाही अवघडायला व्हायचं. पुढच्या वर्षी ते निवृत्त होऊन टेक्ससला मुलीकडे राहायला गेले.

मला आणखी दोन वर्षं लागली. गावं बाजूला ठेवून फक्त माती, दोरी आणि पीळ यांवर नवा प्रबंध लिहिला. कोरडा होता, पण त्यातलं प्रत्येक वाक्य मला सिद्ध करता येत होतं. तळघरात आता मी बोलत नसे. तोंडी परीक्षेच्या दिवशी तीन परीक्षकांनी हात मिळवले. एका छोट्या कॉलेजात शिकवायची नोकरीही ठरली होती.

खोलीवर येऊन पुण्याला फोन लावला. नोकरीचं सांगितल्यावर आईने आधी पगार विचारला. मग म्हणाली, "तिथे तुझं म्हणावं असं कुणी आहे का गं?"

"आहेत की," मी म्हणाले. कोण कोण आहेत म्हणून आई विचारेल, या धास्तीने लगेच बाबांच्या तब्येतीचं विचारलं.