पेटी वाजवणारे ड्रेसर

जखमेला हात लावण्याआधी ते आपले हात कोमट पाण्यात धरून ठेवत. बाहेर रांग लागलेली असली तरी. "दुखणं तर हायच, वर गार हात कशाला?" असं म्हणत.

सांगलीतल्या आमच्या दवाखान्यात ते मलमपट्टी करणारे ड्रेसर होते, मी औषधं द्यायला. राहायलाही आम्ही मागच्या चाळीत शेजारीशेजारी. रविवारी ते चर्चमध्ये पेटी वाजवत. आमची ख्रिस्ती मंडळी लहान, पण कडक. कोण उपासनेला आलं नाही, कोणाची मुलगी कोणाशी बोलली, सगळं पंचांच्या कानावर यायचं. आम्ही पाच पंच होतो. हो, त्यात मीही होतो.

त्यांची बायको तासगावची. लग्नानंतर सातेक वर्षांनी ती एका ट्रकमालकाबरोबर साताऱ्याला निघून गेली. मंडळीनं यादीतून तिचं नाव काढून टाकलं आणि त्यांना दुसऱ्या लग्नाला मोकळीक दिली. त्यांनी ते केलं नाही. कोणी विषय काढला की "चालतंय की" म्हणून पेटी पुसत बसायचे.

तीन वर्षांपूर्वी साताऱ्याहून फोन आला. तिला कॅन्सर झाला होता, आणि त्या माणसानं तिला दवाखान्यात ठेवून पाठ फिरवली होती. ड्रेसर त्याच दिवशी एसटीनं गेले आणि तिला घरी घेऊन आले. चाळीतली दारं एकेक करून लागली. तुम्ही म्हणाल, आजच्या काळात? आजच्याच काळातली गोष्ट आहे. पंचांचा निर्णय मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आला होता.

तिनं मंडळीपुढे उभं राहून पाप कबूल करावं, नाहीतर दोघांनाही चर्चमधली प्रभुभोजनाची भाकर बंद आणि त्यांची पेटीही बंद. पाचही हात वर गेले होते. सांगायला मलाच पाठवलं.

ती भिंतीला टेकून बसली होती. ते तिच्या छातीवरची पट्टी बदलत होते. मी मान खाली घालून निरोप सांगितला.

"देवाची माफी मी रोज मागतीया," ती म्हणाली. "ह्यांची बी मागितली. बाकीच्यांचं मी काय केलंय?"

तुम्ही तरी तिला समजवा, असं मी त्यांना म्हटलं. त्यांनी आधी पट्टीची गाठ मारली.

"उभं राहायला हिच्या पायात ताकद न्हाई. आन असती तरी मी सांगणार न्हाई. जा गड्या, तुझं काम झालं."

ती पुढे पाच महिने जगली. माझी बायको मागच्या दारानं पेज नेऊन द्यायची आणि मी न पाहिल्यासारखं करायचो. ती गेली तेव्हा चर्चचे पाळकसाहेब आले नाहीत. दफनभूमीत भिंतीजवळचा कोपरा तेवढा मिळाला. खांदा द्यायला दवाखान्यातली माणसं होती. मी फाटकाशी उभा होतो. गीत त्यांनी एकट्यानंच म्हटलं. मध्येच आवाज फुटला. ते पुन्हा पहिल्या ओळीपासून म्हणू लागले.

नाताळाच्या आधी आम्ही दोन पंच त्यांना पेटीसाठी बोलवायला गेलो. आता काही अडचण राहिलेली नाही, असं थोरले पंच म्हणाले. ड्रेसरनी आम्हाला चहा दिला.

"अडचण न्हवती ती," ते म्हणाले. "बायको हुती माझी."

ते पुन्हा चर्चमध्ये आले नाहीत. माझ्याशी मात्र बोलणं ठेवलं. कसं ठेवलं असेल, कोण जाणे. एकदा व्हरांड्यात बसलो असताना म्हणाले, "मला तिच्याशेजारी ठेवा. तेवढं बघ." मी हो म्हटलं.

यंदाच्या उन्हाळ्यात ते झोपेतच गेले. पाळकसाहेब आले, सगळी मंडळी आली. इतकी वर्षं सेवा केलेला माणूस, त्यांना पुढे, फाटकाजवळ जागा द्यायची, असं पंचांनी ठरवलं. बोलायला मला वेळ होता. खड्डा खणून होईपर्यंत होता. मी रुमालानं घाम पुसत उभा राहिलो.

त्यांच्या कबरीवर मंडळीनं पांढरी फरशी बसवली आहे. भिंतीजवळ, तिच्याशेजारी, गवत वाढलंय. ती जागा अजून रिकामीच आहे.