मूठ वळून म्हटलेले पाढे

दिघाशीच्या पाड्यावरची रोशनी डी.एड. झाली, तेव्हा पाड्याला वाटलं, पोरगी आता मास्तरीण झालीच. पाड्याला काय कळतं! शिकवता येणं वेगळं आणि शिकवायची नोकरी मिळणं वेगळं.

आधी काही वर्षं ती कष्टकऱ्यांच्या संघटनेत होती. वीटभट्टीवर पोरांची शाळा चालवायची आणि त्या शाळेला खडू मिळावेत म्हणून तहसीलवर मोर्चा न्यायची. मुलाखतीत हे सरळ सांगायची. ऐकलं की समोरची मंडळी पाण्याचा पेला उचलायची. "शाळेत राजकारण नको, बाई."

२००६ साली भिवंडीजवळ एका संस्थेत जागा निघाली. तिचा बाप जान्या म्हणाला, "पोरी, मोर्च्याचं तोंडातून काढू नको. इचारलं तर सांग, घरी व्हते."

"इतकी वर्सं घरी काय करत व्हते, बा?"

"भाकऱ्या भाजत व्हते म्हन. त्याला कोन नाव ठेवत न्हाय."

संस्थेचे अध्यक्ष केसरीनाथशेठ. शाळेत राजकारण नको म्हणून अध्यक्ष ते, सचिव त्यांचा भाऊ आणि भिंतीवरच्या फोटोंत पुढाऱ्यांच्या शेजारी उभे तेच. रोशनीच्या आधी भावेशची मुलाखत झाली. गेल्या निवडणुकीत त्याने पार कोन गावापर्यंत शेठचे बॅनर बांधले होते. खांबावर चढायला मेहनत लागते, नाही असं नाही. "पोराला समाजकार्याची आवड आहे," शेठ म्हणाले.

रोशनीने भाकऱ्या सांगितल्या. साधी मुलगी म्हणून शेठ खूश. मग दुसरीच्या वर्गावर पाठ घ्यायला सांगितलं, स्वतः मागे बसले.

शेजारच्या कापडाच्या लूमचा खडखडाट, त्यात पोरांचा गोंगाट. भट्टीवर ट्रकच्या आवाजात शिकवायची सवय असलेली बाई. हात आपोआप वर गेला, मूठ वळली. "बे दुणे किती?"

"चार!" पोरांच्याही मुठी वर.

बे दाहे वीस येईतो पलीकडचे वर्ग उत्तरं देऊ लागले. मोर्चा आला समजून शिपायाने फाटक लावून घेतलं.

शेठ उठले. "तहसीलच्या दारात माझी गाडी अडवणारी तूच ना?"

मूठ अजून वरच होती. आता लपवणार काय? "व्हय शेठ. मीच."

शेठ चिडले नाहीत. तिला बाहेर ओट्यावर नेऊन हळूच म्हणाले, "झेडपीची निवडणूक तोंडावर आहे. हा आवाज माझ्या प्रचाराच्या जीपवर लागला, तर जागा तुझी."

नोकरी हाताशी आली होती. रोशनी म्हणाली, "वर्गात कितीपन वरडेन, शेठ. जीपवर न्हाय."

शेठचा चेहरा पडला. "बघ, म्हणूनच सांगतो. शाळेत राजकारण नको."

रोशनी पदराचा खडू झटकून पाड्याकडे निघाली. दुसरीचा वर्ग भावेशला मिळाला. निवडणूक होईपर्यंत तो वर्गात कमी आणि जीपवर जास्त दिसला. हजेरी रोज लागत होती. समाजकार्याला रजा लागत नाही.