ओरखड्यांची काच

अन्याय झाला तो माझ्या मावशीच्या नवऱ्यावर. कधी झाला तेही सांगते: गेल्या माघी पौर्णिमेला, भर दुपारी, खाडी काठोकाठ भरलेली असताना. कुठे, तर अलिबागला एका रिसॉर्टच्या लॉनवर, जुन्या वस्तूंच्या जत्रेत, मनगटी घड्याळांच्या टेबलापाशी. मी पत्रकं लिहिणारी मुलगी आहे. कोणावर, कधी, कुठे हे आधी सांगायचं आणि रडायचं असेल तर नंतर, अशी मला सवय आहे. पण काकांवर पत्रक लिहिणं सोपं नाही. घड्याळावर एवढा जीव असलेला आणि आयुष्यात एकदाही वेळेवर न पोचलेला दुसरा माणूस अख्ख्या रायगड जिल्ह्यात नसेल.

काका मूळचे माणगावच्या आतल्या बाजूचे, भातशेतीवाले. समुद्र त्यांनी पहिल्यांदा पाहिला तो रेवसला, लाँचवर तिकिटं फाडायची नोकरी लागली तेव्हा. पण वस्तू पारखायची त्यांची रीत अजून बैलबाजाराचीच आहे. अलिबाग, पनवेल, कधी रेवसहून लाँच पकडून भाऊच्या धक्क्यापलीकडची मुंबई, जुन्या घड्याळांचं टेबल जिथे मांडलेलं असेल तिथे ते जातात आणि काहीही विकत घेत नाहीत. आधी टेबलाभोवती एक फेरी मारतात. मग एकेक घड्याळ उचलून पोटाखाली बघतात, पाठीवरून हात फिरवतात, कानाला लावून डोळे मिटतात. "ह्यो दमेकरी हाय," असा निकाल देतात. एखादं बंद पडलेलं दिसलं की त्यांना राहवत नाही. विक्रेत्याला विचारून त्याला हळूच चावी देतात, चार पावलं चालू देतात आणि म्हणतात, "बांधून ठेवलं की पाय धरतात बिचाऱ्याचे." एकदा पनवेलला एका सुटाबुटातल्या विक्रेत्याने किंमत विचारण्याचा आग्रह केला, तेव्हा काकांनी खांद्यावरचा पंचा काढून त्याच्या हातावर टाकला आणि खाली त्याची बोटं धरली. बैलाचा सौदा असाच होतो, पंच्याखाली, बोटांवर, न बोलता. विक्रेता ओरडून मागे सरला. काका मला म्हणाले, "नवीन दिसतोय गं धंद्यात."

त्यांच्या स्वतःच्या मनगटावर एकच घड्याळ असायचं, चावीचं, लग्नात सासऱ्याने दिलेलं. त्याच्या काचेवर कडेने सगळीकडे ओरखडे होते. कोणी वेळ विचारली की काका काट्याकडे नाही, त्या ओरखड्यांकडे बघायचे. "भरतीला अजून जेवून एक डुलकी काढण्याइतका टाइम हाय," हे त्यांचं उत्तर. एस.टी. पकडायला निघालेला माणूस या उत्तराचं काय करणार? माझ्या दहावीच्या निकालाला, भावाच्या साखरपुड्याला, एकदा तर ते स्वतःच्या सत्काराला भरतीच्या हिशोबाने पोचले. हार वाळला होता. तो गळ्यात घालून ते जेवायला बसले.

ते ओरखडे मावशीचे. काका नोकरीत नवीन होते तेव्हा लाँच पाणी भरल्याशिवाय धक्क्याला लागायची नाही, आणि भरती रोज पाऊण तासाने पुढे सरकते हे काकांना काही केल्या पटेना. "आमच्याकडं म्हस सुदीक रोज एकाच वेळेला घरी येते," असं ते समुद्राला सुनवायचे. मग लाँच त्यांना टाकून जायची, नाहीतर ते चिखलात गुडघ्यापर्यंत रुतून बसायचे आणि कोळणी हसायच्या. सर्वांत जास्त हसायची ती मावशी, लग्न होऊन जेमतेम महिना झालेली. तिला घड्याळ वाचता येत नव्हतं, तिथी मात्र झोपेत विचारली तरी सांगायची. एके दिवशी ती मासळी साफ करायची सुरी घेऊन धक्क्यावर आली. पाणी पुरं भरलं, तिने काकांचं मनगट धरलं आणि छोटा काटा जिथे होता तिथे काचेवर ओरखडा ओढला. जुन्या घड्याळाची काच प्लॅस्टिकची, सुरीने सहज ओरखडते. दुसऱ्या दिवशी पुन्हा आली. असं प्रतिपदेपासून पुनवेपर्यंत, रोज, चारचौघांत नवऱ्याचा हात धरून. अष्टमीचा ओरखडा सहावर, पुनवेचा बाराच्या अलीकडे. तिथी आठवायची, तिचा ओरखडा बघायचा, काटा तिथे आला की पाणी भरलं. काका म्हणायचे, आमचं लग्न लागलं ते त्या पंधरवड्यात. मांडवात झालं ते नुसतं जेवण.

मावशी जाऊन आता तीन वर्षं झाली. घड्याळ अधूनमधून बसायला लागलं होतं, खारी हवा आत गेली असणार, पण काका ते काढायला तयार नव्हते. त्या पौर्णिमेला मी रिसॉर्टच्या फाटकावर मासळी सुकवायचे ओटे वाचवायची पत्रकं वाटत होते (रखवालदाराने हाकलेपर्यंत), आणि काका आत बैलबाजार करत होते. मी पोचले तेव्हा टेबलामागचा तरुण त्यांना सांगत होता, "अंकल, तासभर तुम्ही माझी सगळी घड्याळं प्रेमाने बघताय. तुमचं द्या ना, साफ करून देतो. पैसे नकोत." माणूस गोड होता, हे मला नाइलाजाने लिहावं लागतंय. काकांनी मनगट मोकळं केलं. तिथली कातडी पांढरीफटक होती. आम्ही कोकम सरबत प्यायला गेलो. काकांचा हात सारखा त्या मनगटावर जात होता.

परत आलो तर घड्याळ टिकटिकत होतं. पट्टा नवा, आणि काच नवी. "खूप स्क्रॅचेस होते अंकल, काहीच दिसत नव्हतं. आता बघा, एकदम नवं!"

मी तोंड उघडलं. मोर्चात उघडते तसंच. पण काकांनी पंचा टाकला, त्याखाली माझा हात धरला आणि माझी बोटं मिटवून मूठ केली. बैलबाजारात याचा अर्थ एकच, सौदा संपला, आता बोलायचं नाही. मग ते त्या पोराला म्हणाले, "लय चांगलं काम केलंस, बाबा. हात चांगला हाय तुझा."

रिक्षात बसल्यावर त्यांनी बराच वेळ घड्याळ उजेडात फिरवून पाहिलं. "बाय," ते म्हणाले, "एवढी साफ झालीय, की काय बी दिसत न्हाय."

"मग त्याला सांगितलं का नाहीत?"

"त्याचं तोंड बघितलंस? किती खूश होता. त्याला कशाला रडवायचं?"

मी रिक्षा वळवली. काकांना फाटकावर बसवून एकटी आत गेले आणि सांगितलं. त्या तरुणाचा चेहरा उतरला. काढलेली काच त्याने सुट्या भागांच्या पत्र्याच्या डब्यात टाकली होती, आणि तो डबा अर्ध्या तासापूर्वी गेला होता. "एक सर अख्खा डबाच घेऊन गेले, ताई. हौस म्हणून घड्याळं उघडतात म्हणे. नाव नाही विचारलं." मग त्याने डब्याची रिकामी जागा उगाच दोनदा तपासली.

परवा मी काकांना सहज विचारलं, किती वाजले? "चार वाजून धा मिन्टं," ते म्हणाले. बरोबर होतं. आता ते सगळीकडे वेळेवर पोचतात. परवाच्या बारशाला तर ते पाळणा बांधायच्या आधी येऊन बसले होते, भिंतीशी, मांडीवर हात ठेवून.

म्हणून हे पत्रक, त्यांना न विचारता. त्या दिवशी अलिबागला घड्याळांच्या टेबलावरून सुट्या भागांचा पत्र्याचा डबा नेणारे सर, तुम्ही हे वाचत असाल तर, आणि तुम्ही नाही तर त्यांना ओळखणारे जे कोणी वाचत असाल ते: तो डबा आज उघडा. गोल काचा एकेक करून उन्हात धरा. एकीला कडेने सगळीकडे ओरखडे असतील. सहाच्या जागचा वाकडा जाऊन पार मधे आलाय. त्या दिवशी मावशीला हसू आवरलं नव्हतं. तीच ती. पुसू नका, घासू नका. रेवसच्या धक्क्यावर तशीच आणून द्या.