एकेक पान धुणारी बाई

लिहायला बसलो खरा, पण बाईंबद्दल मला माहिती ती किती? अकरा वर्षं आम्ही एकाच रुग्णालयाच्या स्वयंपाकघरात होतो. मी कोठीवर, त्या भाज्या धुण्याच्या मोरीवर. मध्ये भिंत, भिंतीला एक खिडकी. त्या खिडकीतून दिसलं तेवढंच मला सांगता येईल. त्यांचं घर मी कधी पाहिलं नाही. त्यांच्या बहिणीच्या मुलीला झटके यायचे आणि डॉक्टरांनी कच्च्या भाजीतून पोटात गेलेल्या जंताच्या अंड्यांवर बोट ठेवलं होतं, हेही मला दुसऱ्याच कोणाकडून कळलं.

सॅलडच्या पानांचे गड्डे सकाळी यायचे. बाई गड्डा सोडवायच्या आणि एकेक पान फिल्टरच्या वाहत्या पाण्याखाली धरून दोन्ही बाजूंनी अंगठ्याने चोळायच्या. मग पंधरा मिनिटं औषधाच्या पाण्यात, मग परत फिल्टरच्या पाण्यातून. "नुसत्या औषधाने सगळं मरत नाही, भाऊ," त्या म्हणायच्या, "चोळलं तर निघून जातं." ती पंधरा मिनिटं त्यांना एका जागी उभं राहवायचं नाही. घड्याळ बघायच्या, दारापर्यंत जाऊन यायच्या, पुन्हा घड्याळ बघायच्या.

आचारी टपलेलाच असे. "मावशी, आंघोळ झाली ना? आता पावडर लावा पानांना."

"तुलाच लावते. घाम बघ केवढा आलाय."

"ताटात जाईपर्यंत माना टाकतात हो तुमची पानं."

यावर मात्र बाई पदराने उगाचच हात पुसत राहायच्या.

त्या उन्हाळ्यात एकाच वॉर्डातल्या तिघांना जुलाब लागले. तिघांच्या तपासणीत एकच परजीवी निघाला. तिघांच्याही ताटात सॅलड गेलं होतं. मेट्रन स्वयंपाकघरात आल्या. आमच्या सगळ्यांच्या तपासण्या झाल्या, फिल्टरचं पाणीही तपासलं. सगळं स्वच्छ. मग मेट्रन बाईंना म्हणाल्या, "सोमवारपर्यंत कारण सापडलं नाही तर तुम्ही भांड्यांवर जा. मोरीवर दुसरं कोणीतरी बघू."

त्या दिवसापासून बाईंच्या जिवाला थारा उरला नाही. धुतलेली पानं परत धुवायच्या. औषधाचं माप पुन्हापुन्हा डोळ्यांजवळ धरायच्या. नखं इतकी कापली की बोटांतून रक्त आलं, मग आपल्याच हातांना घाबरून दोन-दोन हातमोजे चढवले. दर थोड्या वेळाने खिडकीत येऊन विचारायच्या, "भाऊ, माझं कुठे चुकतंय?"

"तुमचं नाही चुकत," मी म्हणायचो.

"मग कोणाचं?"

मला काय ठाऊक? मी पोती मोजत बसायचो.

शुक्रवारी त्या धुतलेल्या पानांच्या क्रेटच्या मागोमाग थेट कोठीत आल्या आणि स्टुलावर बसल्या. "ताटं लागेपर्यंत इथून हलायची नाही," म्हणाल्या. बसल्या जागीही पाय हलत होता. मी रोजच्यासारखं सुती फडकं उचललं, मागच्या दाराच्या नळावर भिजवलं, पिळलं आणि पानांवर घातलं.

"हे पाणी कुठलं?"

"नळाचं."

"कुठल्या नळाचं, भाऊ?"

"मागच्या. बागेच्या."

त्यांचा पाय थांबला. बागेला उघड्या टाकीतलं पाणी यायचं. उन्हाळा लागल्यापासून मी हे करत होतो. पानं ताठ राहावीत, आचाऱ्याचं तोंड बंद व्हावं, एवढंच माझ्या मनात होतं. बाईंना सांगितलं नव्हतं. सांगायला संकोच वाटला होता.

त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी फडकं दोन बोटांनी उचलून बादलीत टाकलं, क्रेट काखोटीला मारला आणि पानं धुवायला निघून गेल्या.

मला मोठ्या माणसांसमोर बोलता येत नाही. मेट्रनच्या दारापर्यंत गेलो आणि परत आलो, असं दोनदा झालं. तिसऱ्यांदा गेलो तेव्हा दार उघडंच होतं, त्यांनी वर बघितलं, मग इलाज उरला नाही. "बाईंचं काही नाही," म्हटलं, "माझं फडकं." पुढचं त्यांनी एकेक करून काढून घेतलं. मेमो मिळाला, तो योग्यच होता. टाकीच्या पाण्यात तोच परजीवी सापडला. क्रेटना झाकणं आली. बाई मोरीवरच राहिल्या.

वॉर्डात पुन्हा तसं झालं नाही. पण बाईंचा जीव काही शांत झाला नाही. आता त्या मोरीपासून वॉर्डाच्या दारापर्यंत क्रेटमागे चालायच्या आणि कोठीत आल्या की आधी माझ्या हातांकडे बघायच्या. त्या दिवसाबद्दल आम्ही कधीच बोललो नाही. मी माफी मागायला हवी होती. रोज उद्यावर ढकलत राहिलो.

पुढच्या वर्षी त्या अचानक बहिणीकडे राहायला गेल्या. जाणार असल्याचं मला कोणी सांगितलं नव्हतं. आदल्या दिवशी मी खिडकीतून क्रेट घेत होतो.

"हात धुतलेत?"

"धुतलेत."

"साबणाने?"

"साबणाने."

"बरं, धरा मग. खालून धरा."