अकरा नंबरचा दांडा

शिळफाट्याहून खालापूरकडे जाताना एका हॉटेलच्या बागेत लोखंडी दांड्यांची रांग सिमेंटच्या ओट्यावर उभी करून ठेवली आहे. छातीएवढ्या उंचीचे बारा दांडे, वरपासून खालपर्यंत लाल-पिवळा ऑइलपेंट मारलेले. लोक मिसळ खाऊन येतात, त्यांना टेकून फोटो काढतात आणि जातात. त्या लोकांवर माझा राग नाही. हॉटेलवाल्यावरही नाही, त्याने तर ते भंगारात जाता जाता वाचवले. राग आहे तो माझ्या स्वतःच्या जिभेवर.

ते दांडे माझ्या बाबांचे. म्हणजे मुंबईच्या बंदरात मालगाड्या थेट धक्क्यावर, जहाजापर्यंत जायच्या, तिथल्या रेल्वे केबिनमधले. बाबांनी नोकरीची सगळी वर्षं तेच दांडे ओढले. एक दांडा ओढला की खाली रुळांचा सांधा बदलायचा आणि गाडी दुसऱ्या मार्गाला लागायची. अकरा नंबरचा दांडा पार पाण्याच्या कडेला जाणाऱ्या मार्गाचा. तो एकटा यायचाच नाही. आधी तीन, मग आठ, मग पाच, तेव्हा कुठे अकरा हलायचा. वॅगन भलत्या वेळी पाण्याकडे सुटू नये म्हणून आतूनच तशी अडवणूक केलेली. ‘माज्या हातनं एक डबा पान्यात गेला नाय,’ हे बाबा आल्यागेल्याला ऐकवायचे. कर्जतच्या आमच्या ओटीवर बसून पाहुण्यांना त्याचं काय डोंबलाचं कौतुक! तरी ऐकायचे बिचारे.

दांड्याची मूठ उघड्या पोलादाची असते, तिला रंग लावत नाहीत. नुसत्या हाताने धरली तर घामाने गंज चढतो, म्हणून केबिनवाले मुठीवर फडकं धरूनच दांडा ओढायचे. बाबांना ती सवय इतकी जडली होती की घराची कडीसुद्धा ते फडक्यानेच काढायचे. आई करवादायची, ‘अवो, गंज लागंल का माज्या कडीला?’ आणि वर तीच जुन्या लुगड्याची फडकी काठ दुमडून शिवून द्यायची.

आई गेली आणि दोनेक वर्षांत बाबा विसरायला लागले. चहा प्यायलेला विसरायचे, मला आईच्या नावाने हाक मारायचे. डॉक्टर म्हणाले, हे असंच उतरत जाणार. मी शाळेत बाई. परीक्षा घ्यायची खोड मेली जाते कुठे? रोज सकाळी चहा देताना विचारायची, ‘बाबा, अकरा कसा काढायचा?’ ते कपातून मान वर न करता सांगायचे, ‘तीन, आठ, पाच, मंग अकरा. हे काय इचारनं झालं?’ तेवढं बरोबर आलं की मला वाटायचं, आहेत, आपले बाबा अजून आहेत. दिवसभर मग मी शाळेत सुखाने शिकवायची.

त्या हॉटेलातले दांडे बंदरातून आलेत, हे शाळेतल्या एका बाईंनी सांगितलं. मी बाबांना म्हटलं, तर त्यांनी दोन रात्री झोप घेतली नाही. रविवारी दुपारी रिक्षा केली. इस्त्रीचा शर्ट, तेल लावून भांग, आणि ट्रंकेतून आईने शिवलेलं फडकं काढून खिशात. रिक्षात एकच, ‘चालू असतील ना गं?’ मी म्हटलं, ‘बघू की.’

रंगवलेल्या मुठी बघून त्यांनी कपाळाला हात लावला. ‘कोनत्या गाढवानं रंग फासला?’ मी म्हटलं, ‘बाबा, हळू बोला, मालक इथंच आहेत.’ मालक भला माणूस. हसून म्हणाला, ‘लावा बाबा, हात लावा.’ बाबांनी फडकं मुठीवर टाकलं, पाय रोवला आणि तीन नंबर ओढला. हलला नाही. त्यांनी लगेच हात काढला. ‘येत नसला तर जोर लावायचा नाय,’ ते मला समजावून सांगू लागले. ‘आपलंच मागं कायतरी चुकलेलं असतं.’ मग आठ बघितला. मग पाच. मग पहिल्यापासून एकेक. ओठातल्या ओठात आकडे चालले होते, आणि आता ते आकडे उलटसुलट यायला लागले होते. मागे एक कुटुंब फोटोसाठी ताटकळत उभं होतं.

बाबांच्या हातातून फडकं खाली पडलं. ते उचलायला मी वाकले तर मला दिसलं. प्रत्येक दांड्याच्या बुडाशी वेल्डिंगचा जाड टाका होता. कुणा पोराचा हात चिमटू नये म्हणून केलं असेल. बाराच्या बारा दांडे जागीच डागून टाकलेले. बाबांच्या अधू नजरेला ते कुठलं दिसायला?

मी उभी राहिले तेव्हा ते माझ्याकडेच बघत होते. ‘बाय, इसरलो का गं मी?’

मला वाटलं, आपले दांडे मारून टाकलेत हे त्यांना सोसणार नाही. जळ्ळी मेली माझी अक्कल! मी म्हटलं, ‘असू दे बाबा. वय झालं, होतं असं.’

त्यांनी फडक्याची नीट घडी केली. खिशात ठेवली नाही, माझ्या हातात दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी विचारलं, ‘बाबा, अकरा कसा काढायचा?’ ते म्हणाले, ‘मला नाय ठावं.’ तिसऱ्या दिवशीही तेच. मी रोज विचारत होते, रोज ठरवत होते की आज खरं सांगते, आणि रोज लाज वाटून उद्यावर ढकलत होते. शिक्षकाला आपलं चुकलं म्हणायला फार जड जातं. पुढे त्यांनी कडीला फडकं धरणंही सोडलं, आणि मग मला ओळखणं.

बाबा जायच्या चार दिवस आधी मी त्यांच्या खाटेशी बसले आणि एकदाचं बोलले. ‘बंदरातल्या केबिनवाल्याचं काही चुकलं नव्हतं. त्याला सगळं बरोबर येत होतं. दांडे खालून वेल्डिंग केलेले होते. मी बघितलं होतं, आणि मी त्याला सांगितलं नाही.’

ते लक्ष देऊन ऐकत होते, परक्या बाईचं ऐकावं तसं. मग माझ्या हातावर हात ठेवून म्हणाले, ‘मंग सांगा की त्याला. आजच जाऊन सांगा. लई जिवाला लावून बसला असंल तो.’

‘सांगते,’ मी म्हटलं.