दोनशे वर्षांचा बेत आणि आक्काचा कोट

टेलरचा 'उद्या' म्हणजे काय चीज असते, हे ज्याने आयुष्यात एकदा तरी कपडे शिवायला टाकलेत त्याला सांगायला नको. आणि गल्लीतल्या टेलर मास्तरांचा 'उद्या' तर त्यातही नामांकित. पँट हातात येईपर्यंत पोरगं पँटीबाहेर गेलेलं असायचं. म्हणून मास्तर आतून भरपूर माया सोडायचे. माया म्हणजे शिलाईच्या आत दुमडून ठेवलेलं जादा कापड. अंग वाढलं की उसवायचं आणि सैल करायचं. गिऱ्हाईक शिव्या देत यायचं, पण पुन्हा मास्तरांकडेच यायचं, कारण त्यांची शिलाई कापडाआधी फाटत नसे.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना मास्तर एका व्याख्यानाला जाऊन बसले. विचार ऐकायला नव्हे, पंख्याखाली बसायला. दुकानातली वीज गेली होती, समोरच्या सभागृहातली होती, आणि प्रवेश फुकट होता. व्यासपीठावर एक गुळगुळीत गृहस्थ सांगत होते, "माणसाने ध्येयं ठरवायची तर शंभर-दोनशे वर्षांची ठरवावीत. दोनशे वर्षं जगणारा माणूस आज जन्माला आलेला आहे. कोण जाणे, तो याच सभागृहात बसलेला असेल."

मास्तरांनी मागे वळून पाहिलं. मागच्या रांगेत दोन म्हातारे घोरत होते आणि एक बाई खोकत होती. व्याख्यात्याची तर स्वतःचीच तब्येत यथातथा. मग उरलं कोण?

घरी येऊन त्यांनी बायकोला सांगितलं, "अगं, मी दोनशे वर्षं जगणार आहे."

"जगा," बायको म्हणाली. "आधी दोन बादल्या पाणी आणा. कोपऱ्यावरचा नळ गळायचा थांबला तर तेही मिळायचं नाही."

अख्ख्या गल्लीला तो एक नळ. त्यातून पाणी येत नसे, ते पाझरत असे. तिथे रांगेत उभं राहून मास्तरांनी आपलं आयुष्य बेतायला घेतलं, आणि बादली भरेस्तोवर ते बेतून झालंसुद्धा. साठीपर्यंत बालपण. म्हणजे अजून दोन वर्षं हुंदडायला मोकळे. शंभरीपर्यंत शिक्षण: पोहणं, बासरी वगैरे. नंतर खरं काम. आणि एकशेविसाव्या वर्षी शेजारच्या लाँड्रीवाल्याशी समेट. या लाँड्रीवाल्याने मास्तरांनी शिवलेल्या एका कॉलरवर इस्त्रीचा डाग पाडला होता आणि वर 'कापडच हलकं' म्हणाला होता. इतक्या मोठ्या अपमानाला निवायला वेळ हवाच.

"तो तेव्हा असेल का?" बायकोने विचारलं.

"ते त्याचं त्यानं बघावं. ध्येय माझं आहे."

"आणि मी?"

मास्तर जरा गडबडले. "तुला धरलंय मी."

"कुठे?"

"सगळीकडेच."

"वा," बायको म्हणाली, "म्हणजे दोनशे वर्षं पाणी मीच भरायचं."

गल्लीत बातमी पसरायला वेळ लागला नाही. लोक मुद्दाम विचारायला येऊ लागले, "मास्तर, शर्ट कोणत्या शतकात?" मास्तर शांतपणे सांगायचे, "घाई नाही." घाई गिऱ्हाइकाला असते, हे त्यांच्या डोक्यातून साफ गेलं होतं.

मग आक्का आली. आक्का म्हणजे मास्तरांची थोरली बहीण. इस्पितळात आयाचं काम करून निवृत्त झालेली, सत्तरी ओलांडलेली, आणि गल्लीच्या पाण्यासाठी चार वेळा कचेरीत जाऊन चारही वेळा साहेबाला घाम फोडून आलेली. तिच्या निरोपाला सोबतच्या बायकांनी वर्गणी काढून तिला गर्द हिरवं लोकरी कापड दिलं होतं. कोट शिवायला तिने ते भावाकडे टाकलं, आणि तेव्हापासून ते कपाटात डांबराच्या गोळ्यांच्या सोबतीला होतं.

"बाळ्या, माझा कोट," आक्का म्हणाली.

"आक्का, तो मी एकशेदहाव्या वर्षासाठी ठेवलाय. तेव्हा हात पक्का होईल. तुझा कोट म्हणजे माझ्या आयुष्यातलं—"

"कचेरीवरचा पाण्याचा मोर्चा सोमवारी आहे."

"अगं, पण लांबचा विचार केला तर—"

"बाळ्या, तू दोनशे जगशील की चारशे, मला वाईट वाटायचं कारण नाही. पण मी तुझ्या हिशेबात आहे कुठे? या वेळी मी सगळ्यांच्या पुढे चालणार आहे. आजवर दुसऱ्यांची अंथरुणं घडी घालत आले. एकदा तरी कोट घालून कुणाच्या दारात उभं राहायचंय. सोमवारी नाही मिळाला, तर ते कापड तूच पांघरून बस. मी यायची नाही बघायला."

आक्का गेली. मास्तर बराच वेळ सुईत दोरा ओवत बसले. दोरा जाईना. या बाईने त्यांना कडेवर घेऊन वाढवलं होतं, आणि दोनशे वर्षांच्या बेतात तिला कुठेच जागा नव्हती, हे त्यांच्या आत्ता ध्यानात आलं. त्यांनी कापड काढलं, झटकलं आणि कात्री हातात घेतली.

आता कोट शिवला म्हणजे लांबचा विचार संपला असं थोडंच आहे! मास्तरांनी मधला मार्ग काढला. कोट सोमवारपर्यंत द्यायचा, पण माया शंभर वर्षांची सोडायची. आक्का जाड होईल, बारीक होईल, कोट पणतीला जाईल. प्रत्येकीची सोय आजच करून ठेवायची. तीन-चार पदरी माया त्यांनी खांद्यात कोंबली, बाह्यांत कोंबली, काखेत तर गादीच भरली म्हणा ना.

सोमवारी सकाळी आक्काने कोट चढवला. बाहेरून कोट असा देखणा, की बायकोच्याही तोंडून "अगंबाई" निघालं. फक्त आक्काचे हात खाली येईनात. दोन्ही बाजूंना आडवे, ताठ. वाळत घातलेल्या चादरीसारखी आक्का उभी.

"हे काय रे?"

"पुढच्या पिढ्यांची सोय."

"पुढच्या पिढ्यांना आण मग हात खाली करायला."

उसवायला वेळ नव्हता. मोर्चा निघाला. आक्का पुढे, हात पसरून. लोकांना वाटलं, बाईंना काय स्फुरण चढलंय. मागच्या बायकांनीही हात पसरले. अख्खा रस्ता अडला, एक सायकलसुद्धा पलीकडे जाईना. असा रुंद मोर्चा त्या कचेरीने कधी पाहिला नव्हता.

कचेरीत साहेबाच्या खोलीला एकच दार, आणि त्याच्या दोन फळ्यांपैकी एक कायमची खिळे ठोकून बंद. तिरकी होऊन शिरली असती तर आक्का आत गेली असती. पण आक्का कुठल्याही दारातून तिरकी जाणारी बाई नव्हती. ती सरळ गेली आणि अडकली. अर्धी आत, अर्धी बाहेर, मागून गल्लीचा रेटा.

"बाई, हात खाली घ्या," शिपाई म्हणाला.

"येत नाहीत बाबा. हा काय मागे भाऊ उभा आहे, त्याला विचार."

साहेब जेवायला उठले होते. ते पुन्हा बसले. "आजी, तुमची गल्ली आमच्या दीर्घकालीन आराखड्यात आहे. पंचवीस वर्षांत सगळीकडे नळ. जरा दूरदृष्टी ठेवा. लांबचा विचार करा."

आक्काच्या काखेखालून मास्तरांचं डोकं आत आलं. हे सगळे शब्द त्यांच्या ओळखीचे होते. गेले कित्येक दिवस ते स्वतः हेच बोलत होते. पण दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना त्यांची कानशिलं तापली.

"साहेब, दोनशे वर्षं जगणारा मी आहे," मास्तर कडाडले. "ही नाही. हिला पाणी आज लागतं. तुमचा आराखडा आहे तसा माझाही होता, त्यातही ही नव्हती. मला लाज वाटली. तुम्हाला कधी वाटणार?"

साहेबांना लाज वाटली की भूक लागली, हे सांगता येत नाही. जेवण घरी होतं आणि दारात आक्का होती. त्यांनी फोन उचलला, खोदकामवाल्यांना गुरुवारी नळ टाकायला गल्लीत जायला सांगितलं, आणि शिपायाने तो हुकूम बाहेर सगळ्यांना मोठ्यांदा ऐकवला. मग चौघांनी धरून आक्काला मागे ओढलं.

दुकानात परतल्यावर बायकोने आक्काच्या ओठाला कप लावून चहा पाजला आणि मास्तर ब्लेड घेऊन उसवायला बसले.

"काखेतली राहू दे," आक्का म्हणाली. "गुरुवारी कुणी आलं नाही, तर परत दारात जायचंय."

पण गुरुवारी कुदळी आल्या. मग काखाही उसवल्या आणि त्या कोटात आक्काचा हात पहिल्यांदा खाली आला. तिने तो खिशात घातला आणि तशीच नव्या चराच्या कडेने मिरवत आली. मास्तर बघत राहिले. कोट सुंदर होता, पण उसवून उसवून चुरगळला होता, आणि असल्या लोकरीला लाँड्रीतली वाफेची इस्त्रीच हवी.

एकशेविसावं वर्ष अजून बरंच लांब होतं. मास्तरांनी आक्काच्या अंगावरून कोट उतरवून हातावर टाकला, शेजारच्या दुकानात शिरले आणि घसा खाकरून म्हणाले, "आक्काचा आहे. आज पाहिजे."

लाँड्रीवाल्याने कापड दोन बोटांत धरून पाहिलं. "कापड चांगलंय," तो म्हणाला. "उद्या या."