टाइमबाबूंनी अडवलेला अर्ज

ज्यांच्यामुळे मी आमच्या घरातला पहिला पदवीधर झालो, त्या टाइमबाबूंना मी खुर्चीत नीट बसलेलं कधी पाहिलं नाही. कागद कारखान्याच्या फाटकावर हजेरी घेण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. निवृत्तीनंतर आमच्याच गल्लीत, इतवाऱ्यात, दोन खोल्या घेतल्या, तरी पाय फाटकावरच असल्यासारखे. बोलता बोलता दारापर्यंत जात, परत येत, चहाचा कप खिडकीत विसरत आणि मलाच विचारत, "माझा चहा तू प्यालास का रे?"

माझे वडील पॉवरलूमवर होते. कॉलेजचा फॉर्म आमच्या घरात कोणाला भरता येत नव्हता. टाइमबाबूंनी तो भिंतीला लावून, उभ्या उभ्या, माझ्याच हातानं भरून घेतला. "मी भरला तर पुढच्या वर्षी परत माझ्या दारात," म्हणाले.

पुढे मी राजपुऱ्यात केळीच्या खोडापासून धागा काढून पिशव्या आणि चटया करायचं छोटं युनिट टाकलं. नऊ बायका कामाला होत्या. माल चांगला होता, पण गोदामातच पडून. हे असंच चाललं असतं तर निम्म्या जणींना घरी बसा म्हणावं लागणार होतं. तेवढ्यात एका उद्योग पुरस्काराची जाहिरात आली. जिंकणाऱ्याचा माल मोठ्या शहरांतल्या दुकानांत लागणार होता. मी जीव तोडून अर्ज लिहिला आणि टाइमबाबूंकडे गेलो.

पहिलं पान डोळ्यांशी धरून वाचलं आणि ते थांबले. "अग्रगण्य, अभिनव, प्रेरणादायी... अरे बाबू, ही शादीची पत्रिका आहे का? नवरदेव कुठं आहे?" मग कानावरची पेन्सिल काढून वाक्यावाक्याला विचारू लागले, "हे कोणी पाहिलं?" मला उत्तर देता आलं नाही की म्हणत, "मग याची हजेरी लागत नाही," आणि वाक्य खोडत. आमच्या राज्यातला कारभार हिंदीत, म्हणून अर्जही हिंदीत द्यायचा होता, पण त्यांनी तो आधी मराठीत लिहायला लावला. "ज्या भाषेत आई रागावते, त्या भाषेत खोटं लिहिताना हात अडखळतो."

एवढ्यावर भागलं नाही. "ज्यांच्याबद्दल लिहिलंस त्यांच्यासमोर मोठ्यानं वाच," म्हणाले. दुपारच्या सुट्टीत मी शेडमध्ये वाचायला उभा राहिलो. टाइमबाबू मागे येरझाऱ्या घालत होते.

"आमच्या महिला आता सक्षम झाल्या आहेत," मी वाचलं.

"ते ठीक आहे भाऊ, पण पंखा कधी बसवता?" यमुनाबाई म्हणाली आणि सगळ्या हसल्या.

मग मी माझं सगळ्यात आवडतं वाक्य वाचलं. "एकही महिला आजवर काम सोडून गेलेली नाही." यमुनाबाईनं हातातला धागा खाली ठेवला. "मग आपली शोभा कुठं गेली, भाऊ?"

बाहेर आल्यावर मी चिडून म्हणालो, "एकीनं काय फरक पडतो, बाबूजी? तीन दिवस राहिलेत. अर्जात तेवढंच एक वाक्य वजनदार आहे."

"फाटकातून नऊ आत गेले आणि आठच बाहेर आले, तर आम्ही फाटक बंद करत नव्हतो," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी आम्ही धूलकोटच्या बसमध्ये होतो. काम सोडून शोभाबाई तिथं माहेरी परतली होती. बसमध्ये जागा होती, तरी टाइमबाबू उभेच. अंगणात शोभाबाईनं आम्हाला पाणी दिलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "तीनदा म्हटलं भाऊ, धागा काढायच्या मशीनवर हात सुजते, मले विणायले बसवा. तुम्ही म्हणे, बघू. मग मी बी घरी बसून बघत राहिली."

परतीच्या वाटेवर टाइमबाबूंनी कानावरची पेन्सिल काढून फक्त माझ्या हातात दिली. ते रागावले असते तर बरं झालं असतं.

मी ते वाक्य काढलं. शोभाबाई का गेली ते लिहिलं, आणि त्या आठवड्यापासून मशीनवरची पाळी रोज बदलायला लागलो तेही लिहिलं. मग अर्ज पाठवला. जिंकून देणारं वाक्य मीच खोडलं होतं. आणि चूक तर केली नाही ना, हे विचारायला टाइमबाबू नव्हते. त्याच आठवड्यात डोळ्यांच्या उपचारासाठी मुलगी त्यांना कायमचं नागपूरला आपल्याकडे घेऊन गेली होती. सातव्या मजल्यावरच्या घरात ते किती फिरणार, या विचारानं जीव घाबरा होतो. फोनवर त्यांना नीट ऐकू येत नाही, म्हणून मी पत्र पाठवलं.

आदरणीय टाइमबाबू,

साष्टांग नमस्कार. हे पत्र मुलीकडून वाचून घ्या.

निकाल परवा आहे. त्याआधीच हे पेटीत टाकतो आहे. जिंकल्यावर लिहिलं असतं तर आभार बक्षिसाचे झाले असते, आणि हरल्यावर कदाचित लिहिलंच नसतं. माल अजून गोदामात आहे आणि माझं कशात लक्ष लागत नाही. विणायला बसायला ये, असा शोभाबाईला निरोप पाठवलाय, ती अजून आलेली नाही. पण काल दोघी जणी कामाच्या वेळेबद्दल तक्रार घेऊन आल्या. यमुनाबाई तर भांडलीच. शोभाबाई गेल्यापासून कोणी माझ्याकडे काही मागायला येत नव्हतं, आणि त्या खूश आहेत असं मी समजत होतो.

आपला,
गजानन